फुकेत ते पेनांग, बेटाबेटांवरून: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मुंबईहून फुकेतला उतरायचं, थायलंडची बेटं करत दक्षिणेला सरकायचं, को लिपेवरून बोटीने मलेशियातल्या लंकावीला जायचं आणि पेनांग करून क्वालालंपूरहून विमान पकडायचं. सॅक पाठीवर असेल आणि दोन-तीन आठवड्यांची सुट्टी असेल तर हा मार्ग अवघड नाही. तरी बरेच जण त्यात अडकतात, आणि अडकण्याची तऱ्हा ठरलेली असते. आधी हॉटेलं बुक होतात, मग विमान, मग बोटी कुठे मिळतात याची शोधाशोध आणि अगदी शेवटी सीमेचा विचार. क्रम नेमका उलटा हवा: समुद्र, सीमा, विमान, बोटी आणि सगळ्यात शेवटी हॉटेलं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: महिना समुद्राला विचारून ठरवा

थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेत, क्राबी, लांता, लिपे या पट्ट्यात, आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी पाऊस येतो. पण आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जाऊ लागतात, सप्टेंबरात मांडव्याच्या बोटी सुरू होतात आणि आपण पावसाळा संपला असं धरून चालतो. तिकडे समुद्र ऑक्टोबरातही खवळलेला असू शकतो. डिसेंबर ते मार्च हे या मार्गाचे खरे महिने. एप्रिलमध्येही जमतं, उकाडा सोसायची तयारी हवी.

लिपे ते लंकावी ही सीमा ओलांडणारी बोट हंगामीच आहे, साधारण नोव्हेंबर ते मे. सुरू आणि बंद होण्याच्या तारखा दर वर्षी मागेपुढे होतात. ही बोट नसेल तर अख्ख्या आराखड्याचा कणाच मोडतो, म्हणून सर्वात आधी तिचं त्या महिन्याचं वेळापत्रक बघा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात पश्चिमेकडचा समुद्र शांत होत असतो, पण त्याच वेळी पूर्वेकडच्या बेटांवर (समुई, फांगन, ताओ) आणि हाट याई शहराच्या भागात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. २०२५च्या नोव्हेंबरात हाट याई पुराच्या पाण्याखाली होतं. रेल्वेने मलेशियात जाणारा रस्ता नेमका याच शहरातून जातो.

शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्याशिवाय पर्याय नसेल, किंवा जून ते ऑगस्टमध्येच रजा मिळत असेल, तर हट्ट सोडा आणि मार्ग बदला. तेव्हा समुई-फांगन-ताओ करा, सुरात थानी आणि हाट याईमार्गे रेल्वेने मलेशियात शिरा आणि पेनांगसमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थहून रात्रीच्या बसने पूर्व किनाऱ्यावरच्या कुआला बेसुतला जा. तिथून पर्हेंतियान बेटं अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. ती साधारण मार्च ते ऑक्टोबर चालू असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बहुतेक सगळं बंद. पुढच्या पायऱ्या मुख्यतः पश्चिमेच्या मार्गाच्या आहेत, पण कागदपत्रं आणि सीमेचं सगळं दोन्हीकडे लागू पडतं.

तपासा: सोंगक्रान (थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल), चिनी नववर्ष आणि ईद तुमच्या तारखांत येत नाहीत ना? या दिवसांत रेल्वे आणि बोटींची तिकिटं आधीच संपतात, आणि मलेशियातल्या लांब सुट्ट्यांना पादांग बेसार या रेल्वेच्या सीमेवरच्या स्टेशनची रांग स्टेशनभर पसरते.

पायरी २: सीमा कुठे ओलांडणार ते लिहून ठेवा, आणि दुसरा रस्ताही

कामाचे रस्ते दोनच.

पहिला समुद्राचा: को लिपे ते लंकावी. दीडेक तासाचा प्रवास. सोयीचा, देखणा, पण हवामानावर अवलंबून.

दुसरा रेल्वेचा: हाट याई, पादांग बेसार, बटरवर्थ. बारमाही, स्वस्त आणि भरवशाचा. दोन्ही देशांचं इमिग्रेशन पादांग बेसार स्टेशनात एकाच इमारतीत आहे.

तिसरा रस्ताही नकाशावर दिसतो, सुंगाई कोलोकहून मलेशियातल्या रांताऊ पांजांगला जाणारा. पर्हेंतियानला तो जवळचा वाटतो, म्हणून लोक मोहात पडतात. पण तो थायलंडच्या नराथिवात प्रांतातून जातो. पत्तानी, याला, नराथिवात या तीन प्रांतांत वर्षानुवर्षं सशस्त्र संघर्ष चालू आहे आणि अनेक देश आपल्या नागरिकांना तिथे जाऊ नका असं सांगतात. अनेक प्रवास विम्यांचं संरक्षणही अशा इशाऱ्याच्या भागात लागू होत नाही. चार तास वाचवण्यासाठी तिकडून जाण्यात अर्थ नाही.

समुद्राचा रस्ता धरणार असाल तरी रेल्वेचा पर्याय कागदावर उतरवून ठेवा, आणि त्यासाठी एक दिवस मोकळा सोडा. बोट रद्द झाल्यावर लिपेच्या वाळूत उभं राहून फोनवर पर्याय शोधायची वेळ येऊ नये.

पायरी ३: कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या नव्हे, तर प्रत्येक प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. दोन-तीन कोरी पानं हवीत.

व्हिसा. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहू द्यायला सुरुवात केली. ही मुदत कमी करण्याची चर्चा अधूनमधून होत असते, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटने पाठवलेल्या जुन्या चित्रावर जाऊ नका. मलेशियाची भारतीयांसाठी ३० दिवसांची व्हिसामुक्त सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्यानंतरच्या तारखा असतील तर पुन्हा तपासा.

आगमनपत्रं. व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच भरायचं नाही, असा समज पक्का बसलेला आहे. दोन्ही देशांना ऑनलाइन आगमनपत्र लागतं. थायलंडचं टीडीएसी १ मे २०२५ पासून विमान, जमीन, समुद्र अशा सगळ्या मार्गांना सक्तीचं आहे. मलेशियाचं एमडीएसी जानेवारी २०२४ पासून. दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची, प्रत्येक माणसाचं वेगळं, लहान मुलांचंसुद्धा. पुन्हा थायलंडमध्ये शिरणार असाल तर पुन्हा नवीन.

सावध: दोन्ही पत्रं फुकट आहेत. शोधयंत्रात वरती दिसणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या बऱ्याच साइट्स पैसे घेतात. कार्डाचा नंबर मागितला की तिथून बाहेर पडा. थायलंडच्या खऱ्या साइटचा पत्ता 'गो डॉट टीएच'ने आणि मलेशियाच्या साइटचा 'गव्ह डॉट एमवाय'ने संपतो.

नाव. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं. फॉर्म भरताना, तिकीट काढताना ते तसंच्या तसं लिहा. बोटीच्या तिकिटावर 'संदीप जोशी' आणि पासपोर्टवर 'संदीप विठ्ठल' व आडनाव 'जोशी' असेल, तर बेटांमधल्या बोटीला कुणी काही म्हणत नाही. पण सीमेच्या बोटीच्या प्रवासी यादीत आणि विमानात प्रश्न निघतात.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा, शिक्का आहे (बहुधा दहावी न झालेले ज्येष्ठ किंवा जुने पासपोर्ट), त्यांनी लक्ष द्यावं. थायलंड आणि मलेशिया दोन्ही ईसीआर यादीत आहेत. फिरायला जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही, पण मुंबई विमानतळावर चौकशी होऊ शकते. परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं आणि खर्चाच्या पैशांचा पुरावा कागदावर छापून हातात ठेवा.

स्कूटर चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला आहे ना, ते काउंटर सोडण्याआधी बघा. नुसत्या चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर चालवून अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, आणि थायलंडमधल्या खासगी रुग्णालयाचं बिल मग घरच्यांना भरावं लागतं.

पायरी ४: विमान, आणि चेक-इन काउंटरवरचा प्रश्न

तिकीट जायचं एका शहराचं आणि यायचं दुसऱ्या शहराचं काढा: मुंबई ते फुकेत, आणि क्वालालंपूर ते मुंबई. फुकेतहूनच परतीचं तिकीट काढलं तर पेनांगपर्यंत जाऊन सगळं अंतर उलटं कापावं लागतं; दोन दिवस असेच जातात.

आता गंमत. मुंबईच्या काउंटरवर विचारतात, थायलंडमधून बाहेर जायचं तिकीट कुठे आहे? तुमचं परतीचं तिकीट मलेशियाहून आहे. थायलंडमधून तुम्ही बाहेर पडणार याचा त्यात पुरावा नाही. इथे लोक गोंधळतात आणि ऐन वेळी कुठलंतरी महागडं तिकीट काढतात. उपाय साधा आहे. लिपे-लंकावी बोटीचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि ते, लंकावीतलं हॉटेल आणि क्वालालंपूर-मुंबई तिकीट असे तीन कागद एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये क्रमाने ठेवा. काउंटरवर तोंडी समजावत बसू नका, फोल्डर पुढे करा. थायलंडच्या इमिग्रेशनलाही तेच दाखवता येतं.

शेवटच्या बेटाचा आणि विमानाचा दिवस कधीही एक ठेवू नका. माझं मत विचाराल तर शेवटच्या दोन रात्री मोठ्या शहरातच काढा.

पायरी ५: पैसा आणि फोन

निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहार सुरू करा. आपल्याकडे ते मुळात बंद असतात, हे तिकडच्या एटीएमने कार्ड परत फेकल्यावर लोकांना कळतं. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन ही तीन बटणं वेगवेगळी असतात, तिन्ही बघा.

भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या आणि रोमिंग चालू करून घ्या, इंटरनेटसाठी नव्हे, ओटीपीसाठी. इंटरनेटला स्थानिक सिम किंवा ई-सिम वापरा. बोटीचं तिकीट काढताना, रेल्वेचं तिकीट काढताना, ग्रॅब या टॅक्सीच्या अॅपला कार्ड जोडताना ओटीपी मागितला जातो, आणि सिम मुंबईच्या ड्रॉवरमध्ये असेल तर सगळंच अडतं.

थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी साधारण २२० बाट कापतं, रक्कम कितीही असो. म्हणून दोन-दोन हजार काढू नका, एकदाच पुरेसे काढा. स्क्रीनवर 'रुपयांत बदलून देऊ का' असं विचारलं तर नाही म्हणा, व्यवहार बाटमध्येच होऊ द्या. रुपयाच्या पर्यायात दर पडेल असतो. फोरेक्स कार्डात डॉलर भरून बाट काढले तर दोनदा बदल होतो आणि दोनदा पैसे जातात.

लिपेवर एटीएम आहे, पण हंगामात रांग लागते आणि नोटा संपतात. को मुक, को क्रदान अशा छोट्या बेटांवर आणि तिकडे पर्हेंतियानवर एटीएमच्या भरवशावर जाऊच नका. किनाऱ्यावरून निघतानाच रोख घ्या.

मलेशियात परदेशी पाहुण्याला हॉटेलात खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. तो ऑनलाइन किमतीत बहुतेक वेळा नसतो, काउंटरवर मागतात. फसवताहेत असं समजून भांडू नका.

पायरी ६: सॅक

चाकांची बॅग इथे कामाची नाही. कितीतरी ठिकाणी बोट थेट वाळूला लागते आणि गुडघाभर पाण्यातून चालत जावं लागतं. क्राबीजवळच्या रेलेला तर रस्ताच नाही, ओहोटीला लांबशेपटी होडी बरीच आत थांबते. ४० ते ४५ लिटरची सॅक पुरते. आतल्या वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत, कारण स्पीडबोटीवर सॅक पुढच्या उघड्या भागात रचतात आणि त्यावर पाणी उडतंच. पासपोर्ट, रोख, फोन आणि औषधं वेगळ्या छोट्या पाणीरोधक पिशवीत, अंगावर.

घरचा कोरडा खाऊ घ्या. थाई जेवणात 'भाजी' म्हणून येणाऱ्या बहुतेक पदार्थांत माशाचा सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असते. पूर्ण शाकाहारी हवं असेल तर 'जे' म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत हे चिन्ह लिहिलेली दुकानं तीच. मलेशियात शिरल्यावर तमिळ खानावळींमुळे हा प्रश्न बराच सुटतो.

सावध: ई-सिगारेट आणि व्हेप थायलंडमध्ये बेकायदा आहेत, सॅकमधून काढून घरी ठेवा. आणि थायलंडमध्ये दुकानांत दिसणारा गांजा, त्याच्या गोळ्या, बिस्किटं, तेल यातलं काहीही सीमेपलीकडे नेऊ नका. कुणी दिलेलं, उरलेलं, विसरलेलं काहीच नाही. मलेशियात अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना आजही फाशीपर्यंतची शिक्षा आहे. सीमेच्या आदल्या रात्री सॅक पूर्ण रिकामी करून प्रत्येक कप्पा उलटा करा, आणि दुसऱ्याची सॅक क्षणभरही स्वतःची म्हणून उचलू नका.

पायरी ७: बेटांची साखळी, वरून खाली

दिवसांचं वाटप मी असं करेन: फुकेतला एकच रात्र, क्राबी-रेले ३, लांता ३, मुक २, लिपे ३, लंकावी ३, पेनांग ३, शेवटी क्वालालंपूर. फी फी मी गाळतो. दिवसभराची गर्दी, गोंगाट आणि किमती बघता ते लांब राहिलेलंच बरं. ज्यांना फी फीजवळचा माया बे हा प्रसिद्ध किनारा बघायचाच आहे त्यांनी लक्षात ठेवा, तो दर वर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद असतो.

बोटी कशा काढायच्या? आधी मोठे टप्पे: लांता किंवा मुक ते लिपे, आणि लिपे ते लंकावी. हे दोन आधी पक्के करा, कारण त्यांच्या फेऱ्या मोजक्या आहेत. बाकीचे छोटे टप्पे तिथेच, एक-दोन दिवस आधी, राहत्या ठिकाणच्या काउंटरवर मिळतात. हॉटेलं या दोन तिकिटांनंतर.

एकत्रित तिकीट (मिनीव्हॅन आणि बोट मिळून) थोडं महाग वाटलं तरी घ्या. व्हॅनला उशीर झाला तर पुढची बोट मिळवून देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी राहते. निघताना ते तुमच्या शर्टावर रंगीत स्टिकर चिकटवतात. पोरखेळ वाटतो, पण स्टिकर काढू नका: धक्क्यावर एकाच वेळी चार-पाच बोटी लागलेल्या असतात आणि खलाशी तिकीट वाचत नाहीत, रंग बघून माणूस आणि सॅक त्या-त्या बोटीत टाकतात. सॅक कोणत्या ढिगात गेली ते डोळ्यांनी बघा. मध्ये बोट बदलायची असेल तर सॅकही बदलली का, हे उतरण्याआधी विचारा.

स्पीडबोटीत मागे बसा. पुढचा भाग लाटांवर आपटतो. पाठ आणि मणके दुखणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी तिथे बसूच नये, आणि शक्य असेल तिथे मोठी फेरी घ्यावी. बोट लागत असेल तर गोळी बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची; ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट ठेव म्हणून देऊ नका. रोख ठेव आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या. ऐकत नसेल तर दुसरं दुकान. ताब्यात घेण्याआधी चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, मालक चित्रात असताना.

पाण्यात उतरण्याआधी लाल झेंडा आहे का बघा. लांतासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर व्हिनेगरची बाटली लावलेले खांब दिसतात, ते जेलीफिशसाठी असतात. डंख झाला तर आधी व्हिनेगर ओता, चोळू नका.

तपासा: लिपेला पोहोचेपर्यंत थायलंडच्या शिक्क्यावरची 'या तारखेपर्यंत' ही ओळ वाचली का? मुदत ओलांडली तर दिवसाला ५०० बाट दंड आहे.

पायरी ८: सीमेचा दिवस, समुद्रमार्गे

या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका, सकाळचं स्नॉर्केलिंगसुद्धा नको.

तीन दिवस आधी. मलेशियाचं आगमनपत्र भरा. तीन जागी चुका होतात. 'शेवटचं निघण्याचं ठिकाण' या रकान्यात लोक भारत लिहितात. तुम्ही थायलंडहून निघताय, तर थायलंड. प्रवासाचा प्रकार समुद्र. आणि लंकावीतल्या हॉटेलचा पत्ता पिनकोडसकट लागतो, तो आधीच लिहून घ्या. बेटावरचं इंटरनेट कधीही जातं, म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. आलेली पावती फोनमध्ये उतरवून घ्या, नुसती ईमेलमध्ये ठेवू नका.

आदल्या दिवशी. बोट कंपनीच्या काउंटरवर जाऊन उद्याची फेरी नक्की आहे ना, आणि ती लंकावीत कुठे लागते, तेलागाला की कुआहला, ते विचारा. दोन्ही जागा बेटाच्या दोन टोकांना आहेत. पांताय चेनांग या किनाऱ्यावर राहणार असाल तर तेलागा जवळ पडतं.

त्या दिवशी. सुटायच्या दोन तास आधी पोहोचा. क्रम असा: आधी बोटीच्या काउंटरवर तिकीट आणि पासपोर्ट दाखवायचे, मग किनाऱ्यावरच्या थाई इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का, मग होडीने किंवा तरंगत्या धक्क्यावरून बोट. काही वेळा कंपनीचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि ते लंकावीला उतरल्यावर परत देतो. घाबरू नका, पद्धत आहे, पण देण्याआधी शिक्क्याच्या पानाचा फोटो काढून ठेवा. अर्धी चड्डी आणि चप्पल, बूट सॅकमध्ये.

घड्याळ. मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. लिपेहून साडेदहाला निघालेली बोट दीड तासाने पोहोचली तर लंकावीत दुपारचा एक वाजलेला असतो, बारा नव्हे. त्याच दिवशी पुढची फेरी पकडायचा बेत याच एका तासात बुडतो. उलट दिशेने येणाऱ्यांना तास मिळतो, पण ते थाई वेळेऐवजी मलेशियाची वेळ धरून बसतात आणि धक्क्यावर रिकामे थांबतात.

लंकावीत उतरल्यावर इमिग्रेशन, मग सामानाची तपासणी. शिक्का मिळाल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी त्यावरची तारीख वाचा.

पायरी ९: बोट रद्द झाली तर, रेल्वेने

लिपेहून सकाळच्या स्पीडबोटीने पाक बारा, साधारण दीड तास. तिथून मिनीव्हॅनने हाट याई, दोन तास. दुपारची गाडी पकडण्याचा आटापिटा करू नका, रात्र हाट याईला काढा. आगमनपत्रात तारीख आणि प्रवासाचा प्रकार बदलला आहे, तेव्हा नवीन भरा.

सकाळी हाट याई स्टेशनवरून पादांग बेसारची गाडी घ्या, तासाभराचं अंतर. दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत, वेळ आदल्या संध्याकाळी स्टेशनवरच विचारा. आणि एक गोष्ट इथे हमखास चुकते: पादांग बेसार नावाची स्टेशनं दोन आहेत. आधी थायलंडमधलं छोटं स्टेशन लागतं. पाटीवर नाव दिसलं की लोक सॅक घेऊन उतरतात आणि गाडी पुढे निघून जाते. तिथे बसून राहा. पुढचं, मोठं, मलेशियातलं स्टेशन तुमचं. दोन्ही देशांचे काउंटर तिथेच आहेत.

उतरल्यावर आधी थाई काउंटर, मग मलेशियाचा, मग सामानाची यंत्रातून तपासणी. गर्दीच्या मागे ढकलले जात पहिला काउंटर चुकवू नका. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर पुढच्या वेळी थायलंडमध्ये शिरताना त्रास होतो. रस्त्याने, सादाओ-बुकित कायू हितामच्या नाक्यावरून मिनीव्हॅनने जाणाऱ्यांनाही हेच लागू: दोनदा उतरायचं, दोन शिक्के घ्यायचे.

मग वरच्या मजल्यावर बटरवर्थच्या कोमुटर गाडीचं तिकीट. ही लोकलसारखी, जागा राखीव नसलेली गाडी, साधारण दोन तासांत पोहोचवते. थेट क्वालालंपूरला जाणारी ईटीएस वेगळी आणि राखीव, तिचं तिकीट आधी काढावं लागतं. इथेही घड्याळ एक तास पुढे करायचं आहेच.

पायरी १०: लंकावी ते पेनांग, आणि घरी

जुन्या प्रवासवर्णनांत लंकावी-पेनांग थेट बोट सापडते. कोविडमध्ये ती बंद पडली. तिच्यावर बेत बांधू नका. भरवशाचा रस्ता असा: कुआह जेटीवरून फेरीने कुआला केदा (पावणेदोन तास), टॅक्सीने आलोर सतार स्टेशन, तिथून कोमुटरने बटरवर्थ. स्टेशनाला लागूनच धक्का आहे, पंधरा-वीस मिनिटांत जॉर्जटाऊन. कुआला पेर्लिसची फेरी जवळची आहे, सव्वा तासाची, पण ती उत्तरेला उतरवते आणि पेनांगला जाणाऱ्याला उगाच वळसा पडतो.

लंकावी आणि आलोर सतार केदा राज्यात येतात. तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काउंटर बराच वेळ बंद असू शकतात. त्यामुळे हा टप्पा शुक्रवारी ठेवू नका.

पेनांगला लिटल इंडिया, खाणं आणि जुनी पेठ यात तीन दिवस सहज जातात. तिथे पोहोचल्याच्या दिवशीच बटरवर्थ-क्वालालंपूर ईटीएसचं तिकीट काढा. चारेक तासांचा प्रवास आहे आणि शनिवार-रविवारच्या गाड्या भरतात. क्वालालंपूरच्या विमानतळावर दोन टर्मिनलं आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याजोगी नाहीत. तुमचं विमान कोणत्या टर्मिनलचं ते तिकिटावर बघूनच केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनहून गाडीत बसा, आणि आधी टर्मिनल १ लागेल की २, ते डब्यातल्या पाटीवर वाचा.

वाटेत काही झालं तर: थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५ आणि रुग्णवाहिका १६६९, मलेशियात सगळ्यासाठी ९९९. पासपोर्ट हरवला तर थायलंडमध्ये बँकॉकचा भारतीय दूतावास, मलेशियात क्वालालंपूरचं उच्चायुक्तालय. पहिल्या पानाची आणि शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स सॅकच्या तळाशी वेगळी ठेवलेली असली की तिथलं अर्धं काम झालेलं असतं.